कपाटातला नॉन-मूव्हिंग माल

चिंचोळी एमआयडीसीत "माझ्याकडे ट्रान्सफॉर्मर आहेत" असं म्हटलं, तर समोरचा आधी किती केव्हीएचे ते विचारतो. सोलापूरहून पुणे रस्त्याने निघालं की बाळे, केगाव, कोंडी मागे टाकून ही वसाहत लागते. इथे कुठे औषधांची रसायनं बनतात, कुठे टॉवेल, कुठे इंजिनांचे कॅमशाफ्ट. ट्रान्सफॉर्मर म्हणजे आमच्याकडे महावितरणची डीपी. पन्नाशीला टेकलेला टूलरूमवाला ट्रकचा माणूस होणारी खेळणी जमवतो, हे चहाच्या टपरीवर कोण सांगणार? मी बरीच वर्षं सांगितलंच नव्हतं.

गेटवरच्या वॉचमनला मात्र सगळं ठाऊक. दिवसा घरी कुणी नसतं म्हणून पार्सलं कंपनीच्या पत्त्यावर यायची. गेल्या जूनमध्ये फर्स्ट शिफ्ट सुटताना त्यानं हटकलं. "साहेब, तुमचा डबा नऊ दिवस झाला पडलाय की ओ. न्यायचा न्हाई का?" डबा आल्याचा मेसेज मला त्याच दिवशी मिळाला होता. नऊ दिवस मी त्याच गेटातून जा-ये करत होतो. एके काळी पार्सल येणार असलं की मी जेवणाच्या सुट्टीत गेटवर दोन चकरा मारायचो. डबा घरी नेला, कपाटावर ठेवला आणि तो तिथे आणखी महिनाभर तसाच राहिला.

हे तुमच्या बाबतीत झालं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. रोबोंऐवजी तुम्ही छोट्या मोटारी, फाउंटन पेनं किंवा घड्याळं जमवत असाल, तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे घाबरू नका आणि लगेच काही करू नका. उत्साह ओसरला की माणूस दोनपैकी एक चूक करतो. एक तर आणखी महागडं काहीतरी मागवतो, म्हणजे जुनी मजा परत येईल. नाही तर एका रविवारी चिडून सगळं विकायला काढतो. मी दोन्ही केलं आहे. मोठा नग मागवला, तो उघडायलाच तीन आठवडे लागले. रागाच्या भरात एक जुना निळा ट्रक विकला, आणि चार महिन्यांनी तोच जवळजवळ दुप्पट पैसे मोजून परत आणला. तेव्हा आधी पूर्ण एक महिना खरेदीही बंद आणि विक्रीही बंद. आगाऊ नोंदणी केलेलं काही रद्द करता येत असेल तर तेवढं करा.

त्या महिन्यात कारण शोधायचं. "आता वय झालं" हे कारण नव्हे. माझ्या बाबतीत खरं कारण साच्यात सापडलं, आणि ते शोधायला टूलरूमची नोकरी उपयोगी पडली.

या खेळण्यांचा जन्मच मुळी साच्यांच्या फेरवापरातून झाला. १९८४ मध्ये हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने ट्रान्सफॉर्मर्स बाजारात आणले, तेव्हा तिने ते नव्याने घडवले नव्हते. जपानच्या ताकारा कंपनीची डायक्लोन आणि मायक्रोमॅन ही खेळणी आधीपासून होती. हॅस्ब्रोने त्यांचेच साचे घेतले, त्यांना नवी नावं आणि गोष्ट दिली. पहिल्याच वर्षी स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवार्प ही तीन विमानं आली. साचा एकच, प्लास्टिकचा रंग आणि स्टिकर वेगळे. आयर्नहाइड आणि रॅचेट ही जोडीही तशीच. यात लबाडी नाही. इंजेक्शन मोल्डिंगचं काम जवळून पाहिलेल्या कुणालाही हे कळतं. खरा खर्च पोलाद कापण्यात असतो, एकदा साचा उभा राहिला की दाणा बदलायचा आणि नग काढत राहायचं. आमच्या कारखान्यातही साच्याची किंमत वसूल व्हायला हजारो शॉट लागतात. रूप बदलणाऱ्या रोबोला तर एका नगासाठी डझनावारी भाग, म्हणजे तेवढ्या कॅव्हिटी. कंपनी एका साच्यातून चार रंग काढणारच.

पण गोळा करणाऱ्याच्या बाजूने बघा. मी कपाटातली खेळणी टेबलावर मांडून रंगाकडे दुर्लक्ष केलं आणि फक्त साचे मोजले. ८३ नग निघाले, साचे ५२. म्हणजे ३१ वेळा मी तेच खेळणं पुन्हा घेतलं होतं. त्यात पात्रंही तीच. जपानच्या 'मास्टरपीस' मालिकेचं उदाहरण घ्या. तिची सुरुवात २००३ मध्ये ऑप्टिमस प्राइम या मुख्य रोबोच्या एमपी-१ ने झाली. २०११ मध्ये तोच ऑप्टिमस एमपी-१० म्हणून नव्याने आला, २०१९ मध्ये एमपी-४४ म्हणून पुन्हा. दरवेळी अधिक रेखीव, अधिक गुंतागुंतीचा आणि महाग. प्रत्येक वेळी "आता हा शेवटचा" असं वाटतं. तो शेवटचा नसतो, कारण तसा असण्यात कंपनीचा फायदा नाही. १९८६ च्या ट्रान्सफॉर्मर्स चित्रपटात तर ऑप्टिमसला मारूनच टाकलं होतं, का तर नव्या हंगामाच्या खेळण्यांना जागा हवी होती. पोरं थिएटरात रडली, आणि शेवटी टीव्ही मालिकेत त्याला परत आणावं लागलं.

म्हणून पहिलं काम हे की साचे मोजा. नग आणि साचे यांत मोठा फरक निघाला, तर तुमचा उत्साह संपलेला नाही. त्याला नवीन काही मिळत नाही, एवढंच.

दुसरं कारण पैशाचं. ते मनात कबूल करायला आपण लाजतो. खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. त्यातच १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. देशातल्या कारखानदारांना याचा लाभ झाला, मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही ते योग्यच. पण जपानी नगाचा हट्ट धरणाऱ्याच्या खिशाला चाट बसली. मूळ किंमत, कुरिअर, शुल्क, कर असं सगळं एका ओळीत लिहून बेरीज करा. माझ्या एका नगाची बेरीज महिन्याच्या किराण्याएवढी झाली. ती बघून जर हात आखडता घ्यावासा वाटला, तर त्याला उत्साह ओसरणं म्हणू नका. ती अक्कल आहे.

तिसरं कारण मला सगळ्यात उशिरा सापडलं. आपल्याला खेळणं हवं असतं की ते मिळवण्याची धडपड? १९८८-८९ च्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत, होम मैदानावर भरणाऱ्या गड्ड्यात, वडिलांनी मला मोटारीचा रोबो होणारं एक हलकं प्लास्टिकचं खेळणं घेऊन दिलं होतं. सात रस्ता यायच्या आत त्याचा एक हात तुटला. त्याच्याशी मी पुढची तीन वर्षं खेळलो. गेल्या पाच वर्षांत घेतलेल्या एकाही नगाशी मी तीन तास खेळलेलो नाही. शोधायचं, दर बघायचे, मागवायचं, गाडी कुठवर आली ते फोनवर बघायचं, इथपर्यंत मजा. डबा फोडला की संपली. तुमचंही असंच असेल, तर शोधाचा नाद वेगळ्या गोष्टीवर वळवता येतो. जुन्या नगाचा हरवलेला पंजा किंवा बंदूक शोधणं हे नवा नग शोधण्याइतकंच रंगतं, आणि खर्च त्याच्या दशांशही येत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. मन फक्त रोबोंवरून उडालं असेल तर ठीक. पण जेवणावरून, माणसांवरून, झोपेवरूनही उडालं असेल, कित्येक आठवडे तसंच असेल, तर प्रश्न कपाटाचा नाही. डॉक्टरांशी बोला. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

महिना संपल्यावर मी जे केलं ते आमच्या स्टोअरमधून उचललेलं आहे. कारखान्यात फाइव्ह-एस ही आवराआवरीची पद्धत लागू करतात तेव्हा पहिल्या पायरीला लाल टॅग लावतात. जी वस्तू इथे का आहे ते कुणालाच सांगता येत नाही, तिला तारीख घालून लाल चिठ्ठी लावायची आणि वेगळ्या कप्प्यात ठेवायची. ठरलेल्या मुदतीत कुणी मागितली नाही, तर ती बाहेर. स्टोअरवाले मालाची आणखी एक विभागणी करतात: फास्ट, स्लो आणि नॉन-मूव्हिंग. मी घरच्या ८३ नगांना हेच लावलं. वर्षभरात हातात घेतलेले, वर्षभरात नुसते पुसलेले, आणि शिवलेच नाहीत असे. शेवटच्या गटात ४४ निघाले. त्यांतले ११ तर डब्यातून बाहेरही आले नव्हते.

लाल चिठ्ठीची मुदत घरी तीस दिवस पुरत नाही, तीन महिने ठेवा. चिठ्ठी लावलेले नग एका खोक्यात भरा आणि खोकं दिसेल असं ठेवा. माळ्यावर टाकलंत तर टाळाटाळीला आणखी एक जागा मिळेल, बाकी काही नाही. मध्ये एखादा नग काढावासा वाटला तर खुशाल काढा, चिठ्ठी फाडा. माझे पाच असे परत आले.

मात्र एक अपवाद ठेवा. स्टोअरमध्ये काही माल वर्षानुवर्षं हलत नाही, तरी कुणी तो भंगारात टाकत नाही. मुख्य मशीनचा एकच बेअरिंग, जो गेला तर लाइन थांबेल. त्याला क्रिटिकल स्पेअर म्हणतात. गड्ड्यातला तो एकहाती रोबो माझा क्रिटिकल स्पेअर आहे. तो कधी हलत नाही आणि कधी जाणारही नाही. असे दोन-तीनच असावेत. दहा झाले तर तुम्ही स्वतःला फसवताय.

आता विक्री. आधी प्रत्येक नग एकदा पूर्ण उलटसुलट करून बघा, म्हणजे वाहनाचा रोबो आणि रोबोचं पुन्हा वाहन. त्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. पांढरे पडलेले सांधे, सैल झालेले खुबे, सुटलेलं क्रोम हे सगळं त्यात दिसू द्या. घेणारा नंतर तक्रार करत नाही आणि आपल्यालाही खरी किंमत कळते. क्षेपणास्त्रं, मुठी, बंदुका, माहितीपत्रक, डबा यांची यादी करा. पूर्ण नग आणि एक हात नसलेला नग यांच्या भावात भलताच फरक पडतो, तेव्हा सुटे भाग आधी घरात शोधा. माझी एक तलवार बायकोच्या शिवणाच्या डब्यात सापडली, एक मूठ चपलांच्या रॅकखाली.

सगळा लॉट एकदम काढला तर भाव पडतो, एकेक काढला तर वर्ष जातं. मधला मार्ग म्हणजे तीन-चार नगांचे गट: एक मागणीतला, बाकीचे साधे. पाठवताना पाच पदरी खोकं घ्या, प्रत्येक नग वेगळा गुंडाळा, आणि खोकं हलवून बघा. आत काही वाजलं तर पुन्हा भरा. रोबोच्या रूपात हातपाय लांब असतात आणि प्रवासात तेच मोडतात, म्हणून शक्य असेल तिथे वाहनाच्या रूपात बंद करून पाठवा.

पैशांच्या बाबतीत मात्र सावध. मला एकानं फोन केला, आपण सैन्यात आहोत, भाव करत नाही, पैसे आत्ताच पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा. स्कॅन केल्यावर फोननं यूपीआय पिन मागितला. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो. हे एक वाक्य पाठ असेल तर अशा भामट्यांचं काही चालत नाही. फसलाच असाल तर वेळ न घालवता १९३० वर कळवा.

नात्यातल्या मुलांना द्यायचे असतील तर खुशाल द्या, पण तीन वर्षांखालच्या मुलांच्या घरात नको. स्प्रिंगने सुटणारी क्षेपणास्त्रं आणि बोटभर मुठी थेट तोंडात जातात. आणि दिल्यावर "नीट ठेवलंयस ना?" असं विचारायला जाऊ नका. मी सहा दिले. त्यांतला एक पंधरा दिवसांत चिखलात सापडला, आणि माझ्याकडे सात वर्षं होता त्यापेक्षा तो तिथे जास्त खेळला गेला होता.

आता उरलेल्यांची निगा. इथे जरा रेंगाळतो, कारण परदेशी सल्ले सोलापुरात चालत नाहीत. आपला उन्हाळा चाळीस अंशांच्या वर महिनाभर ठाण मांडतो. पत्र्याखाली किंवा स्लॅबला टेकलेल्या माळ्यावर तो त्याहून चढतो. पांढरं आणि फिकट प्लास्टिक ऊन आणि उष्णतेनं पिवळं पडतं. हायड्रोजन पेरॉक्साइडनं ते उजळतं खरं, पण पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो. मऊ रबरी टायर कडक प्लास्टिकला टेकून वर्षानुवर्षं राहिले तर त्यांतलं मऊ करणारं द्रव्य बाहेर येऊन प्लास्टिक वितळल्यासारखं होतं, म्हणून चाकं आणि पाय यांच्यामध्ये साध्या कागदाचा तुकडा घाला. ऐंशी-नव्वदच्या दशकांतला चमचमत्या सोनेरी रंगाचा नग असेल, तर त्याला हात लावण्याआधी दोनदा विचार करा. त्या काळचं ते सोनेरी चकाकीचं प्लास्टिक कालांतराने बिस्किटासारखं ठिसूळ होतं. तो ज्या रूपात आहे त्याच रूपात राहू द्या. सेल काढून ठेवा. गळलेल्या अल्कलाइन सेलचा पांढरा थर व्हिनेगर लावलेल्या कापसानं निघतो.

एमआयडीसीवाल्यांना खास सूचना. सांधा घट्ट झाला म्हणून मशीन ऑइल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारू नका. पारदर्शक प्लास्टिकला त्यानं बारीक तडे जातात. सिलिकॉन तेलाचा एक थेंब पुरतो. सांधा सैल असेल तर त्याच्या गोळ्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर द्या आणि पूर्ण एक दिवस वाळू द्या, तोवर जोडायचं नाही. आणि एअरगनच्या मोहात पडू नका. धुळीबरोबर स्टिकर आणि मुठीही उडतात, शिवाय हवेच्या लाइनमधलं पाणी आणि तेल सांध्यात जातं. मऊ ब्रश बरा. धुवायचंच असेल तर कोमट पाणी आणि साबणाचा एक थेंब. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तिथे खेळणी धुताना घरच्यांच्या नजरा सोसाव्या लागतात, ते तुम्ही बघून घ्या.

मांडणीही कमी करा. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलं असेल तर आठवा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, खेळणी, रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या आणि १९६२ मध्ये संग्रह राज्य सरकारच्या हाती सोपवला. वस्तू वीस हजारांच्या वर आहेत, पण एका वेळी त्यातला लहान हिस्साच मांडलेला असतो. घरच्या कपाटात तर सहा नग पुष्कळ झाले. बाकीचे आत, आणि दर दोन महिन्यांनी अदलाबदल. जुनाच नग आतून बाहेर आला की नव्यासारखा वाटतो, याचा अनुभव घ्या.

यात मला अनपेक्षित फायदाही झाला. आमच्याकडे आयटीआयची शिकाऊ मुलं येतात. एक दिवस धीर करून मी एक ट्रक टूलरूमच्या टेबलावर ठेवला. बिजागरी, गोळ्याचा सांधा, कटकट वाजणारा रॅचेट, एक भाग ओढला की दुसऱ्याला फिरवणारी कडी, हे सगळं वीतभर वस्तूत. ड्रॉइंगवर तासभर न समजलेली जोडणी पोरांनी दहा मिनिटांत हातानं समजून घेतली. नंतर एकजण म्हणाला, "सर, हे तुम्ही लपवून का ठेवलं होतं ओ?" वॉचमनप्रमाणेच हे आता सगळ्या शॉपला ठाऊक आहे, आणि कुणी हसलं नाही. म्हणजे थोडे हसले.

नवं घ्यायचं असेल तर घ्या. माझा नियम एवढाच आहे की साचा नवा हवा, एक बाहेर गेल्याशिवाय दुसरा आत येणार नाही, आणि ज्याची इच्छा तीन महिने टिकली तोच मागवायचा. गेल्या वर्षभरात या चाळणीतून दोन गेले. ८३ पैकी ३८ विकले, ६ दिले, त्यामुळे सध्या कपाटात ४१ आहेत. गेटवर नऊ दिवस पडलेला तो डबा विकलेल्यांत गेला, न उघडताच.

तुमच्याकडून बाकीचं सगळं पुढे ढकललं गेलं तरी चालेल. कपाट मात्र एप्रिल लागायच्या आत पश्चिमेच्या खिडकीपासून हलवा.